दगडाची उंची

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचे विषय वाटायला सर वर्गात आले, तेव्हा सिव्हिलच्या सगळ्या गटांनी आपसांत आधीच ठरवून टाकलं होतं. विषय एकच, समृद्धी महामार्ग. वाशीम जिल्ह्यातल्या पोरांनी दुसरं मागावं तरी काय? कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तीन तालुक्यांतून या रस्त्याचे सुमारे 97 किलोमीटर जातात. कित्येकांच्या घरची वावरं त्यात गेली, कित्येकांची हायस्कूलची वर्षं मुरमाच्या टिप्परांमागच्या धुळीत गेली. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि हायस्कूलपासून पाहिलेल्या त्या मातीच्या भरावावरून गाड्या सुसाट जाऊ लागल्या. सपाट मुलखात ताशी 150 किलोमीटर वेग धरून आखलेला, दोन्ही अंगांनी बंदिस्त, वाटेत एकही चौक नाही. रस्ता म्हणावा तर हा, बाकी सगळ्या नुसत्या वाटा, असं पोरांच्या मनानं घेतलं होतं.

"समृद्धी बांधून झाली," सर म्हणाले. "आता तिचं डिझाइन करून कोणाला देता?"

त्यांनी टेबलावर चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येक चिठ्ठीत जिल्ह्यातल्या राज्यमार्गावरचा एकेक चढ होता. नुसता चढ, अलीकडचा-पलीकडचा भाग धरून अर्धा किलोमीटर. माथ्याशी आलं की पुढचं काही दिसत नाही, अशी लोकांची तक्रार असलेला. वर्गाचा चेहरा उतरला. प्रतीक्षाचा जरा जास्तच, कारण तिच्या गटाला आलेला चढ तिच्याच गावाजवळचा निघाला, शेलूबाजारच्या अंगाला. बारावीपर्यंत ती याच चढावर सायकल ढकलत शाळेत गेली होती. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून पुन्हा त्याच टेकाडावर!

सरांची एक सवय सगळ्या कॉलेजला माहीत होती. कोणताही नकाशा पुढे ठेवला की ते तो भिंतीवरच्या चित्रासारखा लांबून पाहत नसत. एखाद्या आकड्यावर बोट ठेवून विचारत, "हा आकडा कोणाचा?" पोरं घाबरून "बरोबर आहे ना सर?" म्हणत. बरोबर-चूक हा त्यांचा प्रश्नच नसे. पोरांनी पाठीमागे त्यांचं नावच "कोणाचा सर" ठेवलं होतं.

काम मात्र झपाट्यानं झालं. उपग्रहावरून मिळणारा उंचीचा नकाशा इथं चालणार नाही, हे सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं. साधारण 30 मीटरला एक उंची देणाऱ्या त्या नकाशात असला लहानसा माथा धड दिसतही नाही. तेव्हा ऑटो लेव्हल, स्टाफ म्हणजे मापाची उभी पट्टी, आणि टेप घेऊन चौघांनी दर 10 मीटरला उंच्या घेतल्या आणि लेव्हल बुक घेऊन सगळे लॅबमध्ये बसले. सिव्हिल थ्रीडी हे सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतं. त्यात उंच्या भरल्या की जमिनीचा पृष्ठभाग तयार, त्यावर रस्त्याची मध्यरेषा ओढली की लांबीतला छेद तयार, त्यावर नवे चढ-उतार बसवले की माती किती खोदायची, किती भरायची, तेही तयार.

हेच काम पूर्वी ग्राफ पेपरवर चालायचं. एक एल-सेक्शन काढायला आठवडा जायचा, आणि मास्तरांनी चढ अर्ध्या टक्क्यानं बदलायला सांगितला की खोडरबरानं कागद फाटायचा. त्या दिवसांच्या आठवणीनं गहिवरणारे लोक अजून भेटतात. त्यांतल्या बहुतेकांनी पोरांना एकच आखणी करायला लावली, कारण दुसरी करायला वेळच नसे, आणि पहिली आखणी हीच उत्तम असं पोरं आयुष्यभर समजत राहिली. प्रतीक्षाच्या गटानं एका दुपारी सात आखण्या करून पाहिल्या आणि त्यातली कमी खोदाईची निवडली. हे सुख लहान नाही. ग्राफ पेपर गेला ते बरंच झालं, असं मला वाटतं.

सादरीकरणाच्या दिवशी पडद्यावर त्यांचा चढ उमटला. एका बाजूनं 3 टक्के चढ, दुसऱ्या बाजूनं 3 टक्के उतार, मध्ये माथ्यावर 156 मीटर लांबीचं गुळगुळीत उभं वळण. निकष मोडला की हे सॉफ्टवेअर त्या जागी पिवळा त्रिकोण दाखवतं. इथं एकही त्रिकोण नव्हता. गटातल्या ऋषीनं शेवटी "ड्राइव्ह" सुरू केलं. पडद्यावरची गाडी माथा ओलांडून अलगद खाली उतरली. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

सर उठून पडद्याजवळ गेले. उभ्या वळणाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, के बरोबर 26. म्हणजे चढ एक टक्का बदलायला 26 मीटर. इथं एकूण बदल 6 टक्के, म्हणून 156.

"हे 26 कोणाचे?"

"सॉफ्टवेअरचे, सर," प्रतीक्षा म्हणाली.

"त्याचं गाव कोणतं?"

वर्ग हसला. प्रतीक्षाला हसू आलं नाही.

"उत्तर उद्या नको," सर म्हणाले. "मालक सापडला की या."

मालक सापडायला फार वेळ लागला नाही. सेटिंग्ज उघडून पाहिल्यावर निकषांच्या चौकटीत आश्टोचं नाव दिसलं. ही अमेरिकेतल्या राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना. सॉफ्टवेअरबरोबर तिचे तक्ते भरलेलेच येतात. यात सॉफ्टवेअरला बोल लावण्यात अर्थ नाही. आपल्या देशाचे निकष भरायची सोय त्यात आहे, पण भरलेलं ताट समोर आल्यावर कोणी वाढलं हे विचारायचं यांच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं. वेग 80 मात्र त्यांनी स्वतः टाकला होता, तो बरोबर होता. उंचसखल मुलखातल्या राज्यमार्गाला भारतीय रस्ते काँग्रेस, म्हणजे आयआरसी, तेवढाच वेग धरायला सांगते.

मग ग्रंथालय. आयआरसीच्या पुस्तिका कपाटाच्या खालच्या खणात होत्या. 1976 सालची 66 क्रमांकाची दृष्टिअंतराची आणि 1983 सालची एसपी 23, उभ्या वळणांची. प्रतीक्षानं वहीच्या शेवटच्या पानावर गणित मांडलं. ताशी 80 ला गाडी थांबायला 120 मीटर लागतात, म्हणजे चालकाला पुढची वस्तू निदान 120 मीटरवरून दिसली पाहिजे. चालकाचा डोळा रस्त्यापासून 1.2 मीटरवर. वस्तू 0.15 मीटर उंच. 1.2 च्या दुपटीचं वर्गमूळ, 0.15 च्या दुपटीचं वर्गमूळ, दोन्हींची बेरीज, बेरजेचा वर्ग: 4.4 आले. शिक्षकांनी दुसऱ्या वर्षाला पाठ करून घेतलेल्या सूत्रातले 4.4 ते हेच. परीक्षेत तिनं ते दहा वेळा लिहिले असतील. आतून कशाचे बनलेत, ते आज पहिल्यांदा कळलं.

अमेरिकेच्या तक्त्यात डोळा 1.08 मीटरवर आणि वस्तू 0.60 मीटर उंच. तिथं 4.4 च्या जागी 6.58 येतात. थांबायचं अंतर ते आपल्यापेक्षा थोडं जास्तच धरतात, 130 मीटर, तरीही वळण आखूडच निघतं. आपल्या हिशेबानं 196 मीटर हवेत, त्यांच्या हिशेबानं 156 पुरतात. उलटं गणित तिला जास्त लागलं. 156 मीटरच्या वळणावर 15 सेंटिमीटरची वस्तू दिसते 107 मीटरवरून. थांबायला 120 लागतात. 13 मीटर कमी. ब्रेक दाबलेली गाडी त्या वस्तूला भिडते तेव्हा तिचा वेग असतो ताशी 34 किलोमीटरच्या आसपास.

पिवळा त्रिकोण एकही नव्हता.

तिनं निकष बदलून वळण 196 मीटरचं केलं आणि वही घेऊन सरांकडे गेली. सरांनी पान वाचलं, 34 या आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि म्हणाले, "छान. आता हे 0.15 कोणाचे?"

"आयआरसीचे."

"आणि आयआरसी कोणाची?"

हे तिला येत नव्हतं. सर खुर्चीत मागे रेलले. त्यांना इतिहास सांगायला आवडायचं, पोरांना तो ऐकायला फारसा आवडायचा नाही. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली 1927 साली सरकारनं रस्त्यांसाठी समिती नेमली, तिच्या शिफारशींतून पुढे 1934 मध्ये ही काँग्रेस उभी राहिली. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही जी उतरंड आज प्रत्येक नकाशावर दिसते, ती 1943 मध्ये मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत ठरली. "आणि ती परिषद कुठं भरली? नागपूरला. आपल्याच नागपूरला! म्हणजे पुस्तक घरचंच आहे. पण घरचं आहे म्हणून बरोबर आहे, असं मी म्हणत नाही. 15 सेंटिमीटर उंचीचं रस्त्यावर असतं काय?"

"पुस्तकात नुसतं वस्तू लिहिलंय, सर."

"हो. वस्तू."

गटात त्या संध्याकाळी भांडण झालं, आणि मला विचाराल तर ते या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत चांगलं भांडण होतं. ऋषीनं बरंच वाचलं होतं. तो म्हणाला, "अमेरिकेतही आधी 15च होते. 2001 मध्ये त्यांनी बदलून 60 केले. का? तर त्यांनी अपघात तपासले. एवढ्याशा वस्तूला धडकून होणारे अपघात फारच थोडे निघाले. मग पुढच्या गाडीचा मागचा लाल दिवा दिसला की झालं, तो साधारण 60 वर असतो. त्यांनी अभ्यास करून आकडा बदलला, आपण जुनाच धरून बसलोय. आणि त्यासाठी माथा अजून 30 सेंटिमीटर खोल कापायचा? खाली काळा दगड आहे. फोडायला पैसे कोण देणार?"

30 सेंटिमीटर हा त्याचा हिशेब पक्का होता. दोन चढ जिथं मिळतात त्या बिंदूपासून 156 च्या वळणाचा माथा 1.17 मीटर खाली येतो, 196 च्या वळणाचा 1.47. बारा मीटर रुंदीच्या रस्त्यावर, बाजूचे उतार सोडून, सव्वाचारशे घनमीटर जास्तीची खोदाई.

प्रतीक्षाकडे उत्तर नव्हतं. "आपलं पुस्तक म्हणतं" हे उत्तर झालं नसतं, ते तिलाही कळत होतं. पुस्तक बदलून दुसरं पुस्तक धरणं म्हणजे एका मालकाकडून दुसऱ्याकडे चाकरीला जाणं. ऋषीच्या बोलण्यात तथ्य होतं. अमेरिकेनं आपल्या रस्त्यावर काय पडलेलं असतं ते पाहून आकडा ठरवला होता. यांनी आपल्या रस्त्यावर पाहिलंच नव्हतं. चौघांनी त्या चढावर दर 10 मीटरला स्टाफ उभा केला होता, आणि रस्त्यावर काय आहे ते एकाच्याही वहीत नव्हतं. लेव्हल बुकात त्याला रकाना नसतो.

सरांना सांगितल्यावर ते म्हणाले, "चला मग, जाऊन पाहू."

ऑक्टोबर अर्धा सरला होता. सोयाबीन निघालेलं, परतीचा पाऊस नुकता ओसरलेला. चढाच्या दोन्ही टोकांना लाल झेंडी घेऊन एकेक पोरगा उभा केला. रहदारी तुरळक होती. माथ्याच्या पलीकडे, उतारावर, डांबरी रस्त्याचा डावा अर्धा भाग सोनेरी झाला होता. पंचवीस-तीस पावलं लांब सोयाबीन पसरलेलं, आणि गाडीचं चाक दाण्यांवर जाऊ नये म्हणून मधोमध दगडांची रांग. रांगेच्या टोकाशी लाकडी दाताळं घेऊन दाणे खालीवर करणारा माणूस म्हणजे प्रतीक्षाचे बाबा.

ऋषीनं तिच्याकडे पाहिलं. ती बाबांकडे न पाहता रांगेच्या पहिल्या दगडाशी खाली बसली आणि स्टीलचा टेप काढला. 14. दुसरा 17. तिसरा 12. चौथा 16.

"कायचं माप घेऊन राह्यली वं?"

"दगडाचं, बाबा."

"दगडाले कायचं माप?" ते हसले. मग सरांना पाहून दाताळं बाजूला ठेवलं, रुमालानं हात पुसले, नमस्कार केला.

सरांनी एक दगड उचलून माथ्याच्या या बाजूला रस्त्यावर ठेवला आणि तिथंच 60 सेंटिमीटरचा एक खोका उभा केला. रेंजिंग रॉडवर 1.2 मीटरला खडूची खूण केली. ऋषीनं त्या खुणेला डोळा लावला आणि पलीकडच्या उतारावर मागे मागे जाऊ लागला. दोघं टेप धरून त्याच्याबरोबर. दगड 70 मीटरला दिसेनासा झाला. खोका दिसतच होता. तो गेला 88 मीटरला. ऋषीनं रॉड तिथंच रोवला, परत 70 वर आला, पुन्हा पाहिलं. मग स्वतःच टेप ओढून अंतर मोजलं. त्यानं वाद घातला नाही, मान्य केलं असंही म्हणाला नाही. नुसती वही काढून दोन्ही आकडे लिहिले.

"असे दगड आणखी कुठं आहेत का बघा," सर म्हणाले.

होते. चढाच्या अर्ध्यावर, बाजूपट्टीशी, डांबराच्या आत हातभर, तीन मोठे धोंडे. तिथं कुठलं सोयाबीन नव्हतं. बाबांनी सांगितलं, "ते टरकवाल्याचे हाय. चढावर दम सुटला का चाकाखाली दगोड लावते, गाडी सुधरली का निघून जाते. दगोड तिथंच." पावसाळ्यात ते असतात, उन्हाळ्यातही असतात. सुगीचे दगड दोन महिन्यांचे, हे बारमाही.

म्हणजे वस्तू काय, ते कळलं होतं. प्रतीक्षाला आता घाई झाली होती. ती बाबांना म्हणाली, "संध्याकाळी दगड उचलता ना सगळे?"

"उचलतो. एखांदा रायते अंधारात."

"एखादाच पुरतो, बाबा." आणि तिनं 107, 120, 34 सगळं सांगितलं. मास्तरीणबाईसारखं सांगितलं. सर थोडे बाजूला सरकले.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दगोड उचलतो का ते तू पुसलं. कायले ठेवतो ते नाई पुसलं. तुह्या आबाच्या वक्ती आपलं खळं होतं. वाटण्या झाल्या, खळ्यात आता तुह्या काकाची तूर उभी हाय. वावर काळं, पंधरा दिवस ओल जात नाई. केंद्रावर गेलं का ते मशीन लावते. बाराच्या वर दाखोलं का माल वापस. मंग हे बारा टक्के कोठी वाळवू, सांग."

तिला सांगता आलं नाही. हमीभावानं खरेदी करताना सोयाबीनमध्ये 12 टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो, हा नियम वाशीमच्या कोणत्याही शेतकऱ्याला पाठ आहे. सुगीत दाण्यात त्याहून जास्त ओल सहज असते. काळ्या मातीवर ताडपत्री टाकली तरी खालून दमट. अख्ख्या शिवारात कोरडी, टणक, तापणारी आणि फुकट अशी जागा एकच, सरकारी डांबर. दगडाचा मालक सापडला तर त्याच्या मागे आणखी एक आकडा उभा होता, आणि तो आकडा रस्त्याच्या कोणत्याच पुस्तकात नव्हता.

परतताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही. सरही नाही, ते खिडकीतून दोन्ही बाजूंची जमीन बघत होते. शेलूबाजारला चहाला थांबले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "त्या माथ्याच्या उजव्या अंगाची पडीक जागा कोणाची आहे?"

"ई-क्लास, म्हणजे सरकारी," प्रतीक्षा म्हणाली. "गावाची गुरं चरतात."

ऋषीनं चहाचा कप खाली ठेवला. "किती आहे?"

पुढचा आठवडा लॅबमध्ये गेला, आणि आता सॉफ्टवेअर खऱ्या अर्थानं कामाला लागलं. सव्वाचारशे घनमीटर जास्तीची खोदाई ही ऋषीची तक्रार होती. तीच त्यानं आता जमेच्या बाजूला घेतली. माथ्याचा वरचा थर मुरमाचा होता, काळा दगड त्याखाली. हा मुरूम लांब नेऊन टाकण्याऐवजी शंभर मीटरवरच्या ई-क्लासमध्ये अर्धा मीटर जाडीनं पसरला तर साडेआठशे चौरस मीटरचा ओटा होतो. काळ्या मातीपेक्षा वर उचललेला, पाणी निथळणारा, एका बाजूला उतार दिलेला. ओट्याचा उतार किती असावा, यावर दोघांनी तीन पर्याय काढले: फार दिला तर दाणे वाऱ्यानं घसरतात, कमी दिला तर अवकाळी पाऊस साचतो. रस्त्यावरून ओट्याकडे वळायची जागा माथ्यावर ठेवायची नाही, खाली सपाटीला ठेवायची, हे प्रतीक्षानं ठरवलं. ट्रॅक्टर वळताना दोन्हीकडून दिसला पाहिजे. ते अंतरही तिनं स्वतः मोजलं.

ट्रकवाल्यांच्या धोंड्यांसाठी चढाच्या बाजूला गाडी उभी करायला रुंद बाजूपट्टी दिली. ती पुरेल का, याबद्दल गटात अजून दोन मतं आहेत.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नकाशे उलटसुलट पाहिले. त्यांना उभ्या वळणात काही वावगं सापडलं नाही. शेवटच्या पानावर ते अडखळले. "हा ओटा काय आहे? विषय तर महामार्गाचा दिसतो."

"दृष्टिअंतराचाच भाग आहे, सर," ऋषी म्हणाला. प्रतीक्षानं त्याच्याकडे चमकून पाहिलं. हा तोच ऋषी होता ज्याला 60 सेंटिमीटर पुरत होते.

"आणि ओटा झाला नाही तर?"

"तर 196 हवेत. आणि झाला तरी 196 हवेत, कारण ट्रकचे दगड राहणारच. पण सुगीत अर्धा रस्ता मोकळा मिळेल."

परीक्षकांनी वहीतली 70 आणि 88 ही नोंद पुन्हा पाहिली, ती कशी घेतली ते विचारलं, आणि पुढच्या गटाला बोलावलं. गुण किती दिले ते महत्त्वाचं नाही. चांगले दिले.

गावात मात्र ओट्याची वाट न पाहताच एक गोष्ट झाली. प्रतीक्षाच्या बाबांनी दगड सोडले. मळणीनंतर उरलेलं सोयाबीनचं कुटार त्यांनी फाटक्या पोत्यांत भरलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून बुडाशी चार मुठी माती घातली, तोंड शिवलं आणि दगडांच्या जागी ती पोती मांडली. पोतं दगडापेक्षा उंच, लांबून दिसणारं, आणि अंधारात एखादं राहिलंच तर चाकाखाली दबून जाणारं. लेकीनं सांगितलेलं गणित त्यांना किती कळलं कोण जाणे, पण ताशी 34 ला दगड लागला तर काय होतं, ते त्यांना गणिताआधीच ठाऊक असणार. शेजारच्यानं दोन दिवस थट्टा केली, तिसऱ्या दिवशी त्यानंही पोती मागितली. सगळ्या गावानं दगड सोडले, असं मात्र झालेलं नाही.

माथा कापायचं काम बांधकाम विभागाचं, ते व्हायचं तेव्हा होईल. ओटा ग्रामपंचायतीच्या हातातला होता. प्रतीक्षानं नकाशा सरपंचबाईंपुढे ठेवला, त्यांना पटला, ग्रामसेवकानंही मान डोलावली आणि म्हणाला, नकाशा झाला, आता अंदाजपत्रक आणा. तेव्हा परीक्षा होऊन गेल्यावरही चौघं पुन्हा लॅबमध्ये बसले, या वेळी बांधकाम विभागाची दरसूची उघडून. मुरूम पसरून दाबण्याचा दर प्रतीक्षानं वाचला, परिमाणाला गुणला आणि एकूण रक्कम लिहायला घेतली.

"थांब," ऋषी म्हणाला. "या दरात मुरूम किती लांबून आणलेला धरलाय? खाणीपासूनचा असेल तर वाहतूक जाईल. माथ्याचा मिळाला तर शंभर मीटर. दोन्ही काढू, आणि कोणता कशासाठी ते बाजूला लिहू."

प्रतीक्षानं लिहिलेली रक्कम खोडली आणि पानावर दोन रकाने आखले.